न मरणाऱ्या जनावरांचा सलोत्री

आमच्या सलोत्रीसाहेबांच्या टेबलावर बूट घातलेली गाय होती. मागच्या दोन पायांवर उभी, पुढच्या पायांत पांढरे हातमोजे, कमरेला झालरीचा झगा, आणि तोंड एवढं फाकलेलं की वरखालचे सगळे दात दिसावेत. चिनी मातीची, वीतभर उंचीची. मी नोकरीवर रुजू व्हायला गेलो तेव्हा साहेब दाढीच्या ब्रशाने तिची शिंगं झाडत होते. मी सलाम केला. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कंपाउंडर का?" मी म्हटलं, "जी." "मग आधी दार लोटा. हिच्या डोळ्यांत धूळ जाते."

मी दार लोटलं. त्याच पावली परत फिरलो असतो तर जन्माची दगदग वाचली असती, असं मी पुढं बायकोला कितीदा तरी बोलून दाखवलं. ती म्हणायची, "फिरला न्हाईत न्हवं? मग गप ऱ्हावा." गप राहिलो.

सलोत्री म्हणजे ढोरांचा डॉक्टर. निजामाचं राज्य होतं, दफ्तर सगळं उर्दूत, आणि आमचा बीडचा ढोरांचा शफाखाना म्हणजे दोन खोल्या, एक लिंबाचं झाड आणि जनावर आडवं पाडायला अंगण. एवढ्या बळावर आम्ही अर्धा जिल्हा सांभाळायचा. साहेबांना एक तट्टू मिळालं होतं, मला माझे पाय होते. नेकनूरला बैल फुगला, निघा. शिरूरला म्हैस अडली, निघा. आम्ही पोचेपर्यंत बैल एकतर ओढून गावाबाहेर नेलेला असायचा, नाहीतर आपला आपण बरा होऊन कडबा खात असायचा. दोन्ही वेळी मालक आमच्यावरच डाफरायचा. मला राग यायचा. साहेब म्हणायचे, "कंपाउंडर, आपलं खातंच उशिरा पोचणाऱ्यांचं आहे. मनाला लावून घ्यायचं नाही." रोज सकाळी टोपी डोक्यावर ठेवताना त्यांचं एक ठरलेलं वाक्य असायचं: "चला, मरण बघून येऊ." हे ऐकून कुणाला कामाचा हुरूप येईल, तुम्हीच सांगा!

माणूस उंच, पण खांद्यात वाकलेला. डोक्यावर खाकी रंगाची घुमटासारखी टोपी, ती उन्हात असो की सावलीत. चहा पूर्ण निवल्याशिवाय पीत नसत. गरम चहा पिणाऱ्या माणसाला काहीतरी घाई असते, आणि आपल्याला कसली घाई, असं त्यांचं म्हणणं. माणसांशी दोन शब्दांवर तिसरा बोलायचा म्हणजे कपाळाला आठी. जनावरांशी मात्र अहो-जाहो. म्हशीला म्हणणार, "बाईसाहेब, मान जरा इकडे. दुखेल, पण थोडंच." शेतकरी तोंडाला उपरणं लावून हसायचे. आणि जनावर मेलं की साहेब टोपी काढून काखेत धरायचे आणि तिथंच उभे राहायचे. मालक रडून मोकळा व्हायचा, लोक पांगायचे, हे आपले उभे. वर ऊन भाजतंय. मी म्हणायचो, "साहेब, चला आता, लांब जायचंय." ते म्हणायचे, "थांबा. यांच्यासाठी कुणी टोपी काढत नाही."

आता त्या गायीचं सांगतो. ती एकटी नव्हती, झाडायला तेवढी टेबलावर आणलेली. साहेबांच्या राहत्या खोलीत, पलंगाच्या समोरच्या भिंतीला एक लांब फळी होती आणि फळीवर अशीच सगळी मंडळी: पिपाणी वाजवणारा बोका, छत्री घेतलेलं बदक, जाकीट घातलेलं डुक्कर, झांजा धरलेला बेडूक. सगळी दोन पायांवर, सगळी हसतमुख. साहेब एकदा कामासाठी हैदराबादला गेलते, तिथं बोलपट बघायला बसले. मुख्य बोलपटाच्या आधी चित्रांचा एक छोटा खेळ दाखवला. कुणीतरी हातानं काढलेली जनावरं पडद्यावर नाचत होती, वाजवत होती, एकमेकांना बडवत होती. त्या खेळानं साहेबांच्या डोक्यात घर केलं. जपानात म्हणे त्याच जनावरांच्या चिनी मातीच्या बाहुल्या करायचे. जालन्याच्या एका बोहऱ्याकडं काचेच्या मालाबरोबर पेंढ्यात गुंडाळून त्यातल्या एखाददुसऱ्या यायच्या. त्याला साहेबांनी सांगून ठेवलं होतं. मोटारीच्या ड्रायव्हरनं पुडकं आणून दिलं की आमचा शफाखाना बंद. बाहेर माणूस लंगडा बैल धरून उभा असला तरी साहेब आत पेंढा बाजूला करत बसायचे.

मी एकदा न राहवून म्हटलं, "साहेब, गायीला वरचे पुढचे दात नसतात. हिला कावून दिले?"

साहेबांनी गाय हातात घेतली, तिच्या तोंडाकडं पाहिलं. "नसतात," ते म्हणाले. "पण हिला आहेत. हिचं सगळं बरं आहे, कंपाउंडर. हिला बुळकांडी नाही, फऱ्या नाही, घटसर्प नाही." मग तिला परत फळीवर ठेवून म्हणाले, "हिच्यापुढं मला हात टेकावे लागत नाहीत."

ही मंडळी त्यांना किती जवळची होती हे सांगायला एक गोष्ट पुरे. एका मोठ्या अंमलदाराची लेक शफाखान्यात आली होती, बापाच्या घोड्याबरोबर. तिला बदक आवडलं. पोर हट्टाला पेटली, रडून लाल झाली. अंमलदारसाहेब हसत हसत म्हणाले, "दे दो ना सलोत्रीसाब, बच्ची है." सगळ्या जिल्ह्यात या माणसापुढं कुणाची मान वर होत नव्हती. आमचे साहेब म्हणाले, "हुजूर, घोडा तुमचा आहे, बदक माझं आहे." पुढं साहेबांची हैदराबादची बदली दोनदा ठरून दोनदा मोडली, ती का मोडली हे बीडमधल्या टांगेवाल्यालाही ठाऊक होतं. साहेबांना त्याचं काही नाही. संध्याकाळी बदकाची छत्री पुसत बसले होते.

मी त्यांना वेडं समजत होतो. गाव तर समजतच होतं. पण एकदा बीडला तंबूतला सिनेमा आला आणि साहेब मला ओढून घेऊन गेले. "मुख्य बोलपट बघायचा नाही," ते वाटेत म्हणाले, "तो रडका असतो." आम्ही पुढच्या सतरंजीवर बसलो. चित्रांचा खेळ सुरू झाला. ढोल गळ्यात अडकवलेला एक कुत्रा पिठाच्या गिरणीत पडला आणि दुसऱ्या बाजूनं पापडासारखा चपटा होऊन बाहेर आला. सगळा तंबू खदखदून हसत होता. साहेब हसत नव्हते. ते पुढं वाकून, डोळे बारीक करून बघत होते, आजारी जनावर तपासताना बघायचे तसे. माझ्या कानाशी म्हणाले, "बघा, बरगड्या गेल्या. पाठीचा कणा गेला. खलास." मग पडद्यावर त्या चपट्या कुत्र्यानं स्वतःचा अंगठा तोंडात धरून फुंकर मारली, टम्म फुगला, अंग झटकलं आणि ढोल वाजवत चालायला लागला. साहेबांनी सुस्कारा सोडला. "उठला," म्हणाले. "बघितलंत? उठला." तेव्हा मला कळलं, आणि कळलं ते बरं झालं की वाईट, ते अजून ठरवता येत नाही. दिवसभर मेलेल्या जनावरांपुढं टोपी काढून उभा राहणारा माणूस संध्याकाळी जाऊन न मरणाऱ्या जनावरांपुढं बसत होता. त्यानंतर मी त्यांच्या फळीला हसलो नाही.

तो ढोलवाला कुत्रा त्यांच्याकडं नव्हता. तेवढा एक आला की वाजवणाऱ्यांचा ताफा पुरा होणार होता. बोहऱ्याला निरोपावर निरोप जात होते. एकदा आला तो मान तुटून आला. साहेब त्या दिवशी जेवले नाहीत. शेवटी कधीतरी धडधाकट कुत्रा आला. पिवळी पाटलोण, निळी टोपी, लाल ढोल, एक पाय उचललेला. साहेबांनी तो फळीच्या मधोमध ठेवला आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच गरम चहा प्याले.

आणि त्याच सालात बुळकांडी आली.

ज्यांनी ती बघितली नाही त्यांना काय सांगावं! गुरांच्या डोळ्यांना पाणी, तोंडात फोड, मग हगवण लागली की चारदोन दिवसांत गोठा रिकामा. गावोगावच्या वेशीबाहेर घिरट्या घालणाऱ्या घारी लांबून दिसायच्या, त्यावरून आम्ही वाट ओळखायचो. हैदराबादहून लस आली होती, पण ती धडधाकट गुराला नाहीतर नुकतीच लागण झालेल्या गुराला टोचली तरच उपयोगाची. आणि टोचू कोण देतो? लोक म्हणायचे, मरीमायचा कोप आहे, सुई मारली तर आणखी कोपेल. नेकनूरच्या अलीकडच्या एका गावानं आम्हाला वेशीवरच अडवलं. पाटील हात जोडून म्हणाला, "सायेब, तुमी भले मानूस हाव, पर सुई घेऊन गावात येऊ नगा." ओल्या गवतात ठेवलेल्या लशीच्या बाटल्या घेऊन आम्ही उन्हात परत फिरलो. आठवड्यानं त्या गावावरून गेलो तर एकाही दारात बैल दिसला नाही. साहेब तट्टावरून उतरले, टोपी काढली आणि गाव मागं पडेपर्यंत बोडक्या डोक्यानं चालत राहिले.

त्या दौऱ्यांवर साहेब कोटाच्या खिशात फळीवरचं एक जनावर मलमलीत गुंडाळून घ्यायचे. मुक्कामी पोचलो की ते बाहेर काढून लशीच्या पेटीवर ठेवायचे, तोंड गुरांकडं करून, आणि मग सुया उकळायला घ्यायचे. मी विचारलं तर म्हणाले, "एकतरी हसणारं तोंड समोर असावं."

शिरूर कासारच्या पलीकडं सिंदफणेच्या काठाला गुरं पाळणाऱ्यांची एक वस्ती होती. पाच-सहा कुडाची घरं आणि माणसांच्या चौपट गुरं. तिथली कारभारीण एक म्हातारी, ठकूबाई. तिच्या शब्दाबाहेर तिथलं वासरूसुद्धा जात नव्हतं. दोन गायींना त्या सकाळीच डोळ्याला पाणी लागलेलं. म्हणजे आज टोचलं तर कळप वाचणार, उद्या नाही. साहेब तिला समजावत होते आणि ती मान हलवत होती.

"न्हाई म्हनजे न्हाई. तुमाला काय, टोचाल आन् जाल. मरीमाय हितंच ऱ्हातीया."

तेवढ्यात तिची नजर पेटीवर गेली. त्या दिवशी खिशातून ढोलवाला आला होता. ती जवळ आली, उकिडवी बसली, बराच वेळ त्याच्याकडं पाहत राहिली.

"ह्यो कोन देव म्हनायचा?"

मी दमलो होतो, भुकेनं जीव चालला होता. काहीतरी सांगून मोकळं व्हावं असं मनात आलं, पण साहेबांनी मला बोलू दिलं नाही. त्यांना खोटं जमतच नव्हतं.

"देव नाही, बाई. हा चित्रातला कुत्रा आहे."

"मग संगं कावून आनला?"

साहेब अडखळले. "हा... हा मरत नाही, बाई. दळला, चिरडला, कड्यावरून ढकलला, तरी उठतो. म्हणून जवळ ठेवतो."

ठकूबाईनं दोन्ही हात जोडले. "बाबा, मरत न्हाई म्हनतावं, आन् वर देव न्हाई म्हनतावं! जे मरत न्हाई त्येच की देव. आनखी देव म्हंजी काय असतो?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी वर पाहिलं.

"टोचा," ती उठत म्हणाली. "सगळ्यायला टोचा. पर ह्यो हितं ऱ्हाईल. तुमी गेल्यावर पुना मरीमाय आली तर मी कुनाकडं बगू?"

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी कुत्रा पेटीवरून उचलला आणि मुठीत धरला. "दुसरं काही मागा, बाई. हा नको. हा आत्ताच आलाय." अंमलदाराला ताडकन उत्तर देणारा माणूस म्हातारीपुढं लहान पोरासारखं बोलत होता. ती गायींच्या पुढं जाऊन उभी राहिली, बस. ऊन चढत होतं, पेटीतलं गवत वाळत होतं. मला खरंच संताप आला. मनात म्हटलं, अहो साहेब, मातीचं खेळणं ते! साहेब मूठ उघडायचे, कुत्र्याकडं बघायचे, गायींच्या गळणाऱ्या डोळ्यांकडं बघायचे, पुन्हा मूठ मिटायचे. मग एक पाणी लागलेली गाय खोकली. साहेब उठले आणि त्यांनी ढोलवाला म्हातारीच्या ओंजळीत ठेवला. म्हणाले, "जपा. मान नाजूक असते यांची."

जपा म्हणजे काय, हे तिला तिच्या परीनं चांगलं ठाऊक होतं. आम्ही पहिली सुई भरतोय तोवर तिनं तेलात शेंदूर कालवला आणि कुत्र्याला टोपीपासून बुटापर्यंत लेप दिला. साहेब ओरडले, "अहो, अहो, रंग!" पण उशीर झाला होता. पिवळी पाटलोण गेली, निळी टोपी गेली, हसणारं तोंडही गेलं. राहिला एक तांबडा गोळा, त्यातून बाहेर आलेला एक पाय. तो तिनं आंब्याच्या बुंध्याशी, एका चपट्या दगडावर बसवला. साहेब सुई हातात धरून बघत राहिले. मग गायीकडं वळून म्हणाले, "बाईसाहेब, मान इकडे." दिवसभर टोचलं.

ठकूबाईचा कळप वाचला. सगळा नाही, त्या दोन गायींतली एक गेली. पण बाकी सगळी गुरं उभी राहिली, आणि आजूबाजूच्या वस्त्या ओस पडत असताना हे घडलं. मग काय विचारता! बातमी आमच्या तट्टाच्या पुढं पळायला लागली. पुढच्या गावात वेशीवरच पाटील उभा. "सायेब, टोचा की. पर देव आनलाय का?" साहेब कळवळून सांगायचे की अहो, गुण लशीचा आहे. लोक मान डोलवायचे, "व्हय व्हय, लशीचाच," आणि पेटीकडं बघायचे. देव नाही तर सुई नाही. साहेबांनी एक दिवस वाद घालून पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवरून बोका उतरवला.

बोका पिपाणीसकट गेला, बेडूक झांजेसकट. बदक एका तांड्यावर छत्रीवाली माय म्हणून बसलं, बायका तिला हिरवी बांगडी वाहायच्या. ज्या बदकापायी बदली गेली ते बदक! गाय देताना साहेबांनी तिचे दात एकदा ब्रशानं झाडले. डुक्कर कुणी घेईना. ते घेऊन आम्ही तीन गावं हिंडलो, माझ्या तर नाकी नऊ आले. शेवटी डुकरं पाळणाऱ्यांच्या वस्तीनं ते हलगी वाजवत नेलं. दर वेळी तेच: साहेब मलमल सोडायचे, तेल-शेंदराची वाटी पुढं यायची, आणि साहेब पाठ फिरवून सुया उकळायला लागायचे. त्यांना ते बघवत नव्हतं. पण थांबले नाहीत. त्या साली आम्ही जेवढी जनावरं टोचली तेवढी खात्यात कुणी टोचली नसतील. वरून शाबासकी आली, ती अर्थातच दुसऱ्याला.

साथ ओसरली तेव्हा फळी रिकामी होती. बाहुल्यांच्या जागी धुळीत गोल खुणा उमटल्या होत्या. मी पुसायला गेलो तर साहेब म्हणाले, "असू दे." बोहऱ्याकडं नवा माल आल्याचा निरोप आला होता. मी चारदा आठवण केली. "नको," म्हणाले. "दमलो मी, कंपाउंडर. आता त्यांचं त्यांनी हसावं." त्यानंतरही ते रोज टोपी घालायचे, रोज मरण बघायला निघायचे. पण संध्याकाळी दिवा न लावता पलंगावर बसून त्या फळीकडं बघायचे. मला ते पाहवत नसे. काहीतरी निमित्त काढून मी घरी जायचो.

पुढं साहेबांना पेन्शन झाली. हैदराबादला भाऊ होता, त्यानं बोलावलं, गेले नाहीत. त्याच खोलीत भाड्यानं राहिले. मग छातीचं दुखणं लागलं. हकीम झाला, डॉक्टर झाला. माझी बायको रोज पेज पाठवायची, ती तशीच परत यायची. "कंपाउंडर," ते एकदा म्हणाले, "आपण आता हगवण लागलेलं जनावर. लशीचा उपयोग नाही." मी चिडलो. म्हटलं, तोंड सांभाळा. साहेबाला असं बोललो! ते नुसते हसले.

एका दुपारी दारात बैलगाडी थांबली. ठकूबाई उतरली. कमरेत पार वाकलेली, नातवाला धरून आत आली, भुईवर बसली. पदराखालून तांबडा नारळाएवढा गोळा काढला आणि साहेबांच्या उशाशी ठेवला.

"सायेब, शिरूरच्या बाजारात कळालं. म्हनलं देवालाच घिऊन जावं. ह्यो मरत न्हाई न्हवं? मग ऱ्हाऊ द्या उशाला. बरं वाटलं की माघारी द्या. आमाला बी लागतो."

साहेबांनी हात लांबवून गोळा पोटाशी घेतला. इतक्या वर्षांच्या शेंदराचे थर, आत काय आहे ते ओळखू येत नव्हतं. म्हातारी निघून गेल्यावर मी म्हटलं, "चाकूनं खरवडू का, साहेब? खालचा रंग तर गेलाच असेल." त्यांनी मान हलवली. "देव आहे तो त्यांचा. चाकू लावायचा नाही." रात्रंदिवस तो त्यांच्या कुशीत. मधून मधून बोटांनी चाचपायचे. तापलेल्या अंगाच्या उबेनं असेल, चाचपून असेल, एका सकाळी मी पेज घेऊन गेलो तर साहेब मला हातानं बोलावत होते. शेंदूर तडकला होता. देवावर थर फार झाले की ते कवच आपलं आपण गळून पडतं, हे आमच्याकडं सगळ्यांनी बघितलेलं असतं. त्यात खाली चिनी मातीची झिलई. साहेबांनी अंगठा नुसता टेकवला आणि सगळं कवच दोन भकलांत सुटून चादरीवर पडलं.

आत ढोलवाला उभा होता. पाटलोण पिवळीधमक, टोपी निळी, ढोल लाल. एक टवका उडाला नव्हता. ऊन नाही, धूळ नाही. शेंदरानं तो जसाच्या तसा ठेवला होता. एक पाय उचलून, सगळे दात दाखवत तो साहेबांकडं बघत होता.

"उठला," साहेब म्हणाले. आणि हसले. काय हसले! तंबूतले लोक हसायचे तसे, पोट धरून, खोकत, डोळ्यांतून पाणी काढत. "कंपाउंडर, उठला बघा, लेकाचा उठला!" मीही हसायला लागलो, मग रडायला लागलो, माझं मलाच कळेना. एवढ्या वर्षांत साहेबांना असं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

त्याच आठवड्यात ते गेले. मी माझी टोपी काढून उभा राहिलो, लोक पांगले तरी उभा राहिलो.

मग एक काम उरलं होतं. देव माघारी द्यायचा होता. शिरूरपर्यंत मोटारीनं गेलो, पुढं पायी. वाटेत सारखं एकच मनात, म्हातारीला सांगायचं काय? मरत नाही म्हणून उशाला ठेवायला दिला, आणि उशाला असताना माणूस गेला. आंब्याखाली ती बसली होती. मी मलमल सोडली. इतक्या वर्षांनी तिनं त्याचं हसणारं तोंड पाहिलं. ती काही बोलायच्या आत मी सांगून टाकलं, "आजी, साहेब गेले."

वासरं हंबरत होती. मग कुत्रा हातात घेऊन तिनं उलटसुलट पाहिला.

"ह्यो तर नव्यासारका हाय."

"हाय."

तिनं तो चपट्या दगडावर परत बसवला, वाटीत शेंदूर कालवला, टोपीपासून बुटापर्यंत लेप दिला. मी पाठ फिरवली नाही. मग ती काठी टेकत सिंदफणेच्या पात्रात उतरली. बराच वेळ खाली वाकून काहीतरी धुंडत होती. वर आली तेव्हा हातात एक दगड होता, वरून गोल, खाली कडेला थोडा पसरलेला. साहेबांच्या टोपीसारखा. तो तिनं ढोलवाल्याच्या शेजारी रोवला आणि वाटीतला उरलेला शेंदूर त्याला फासला.

"आता काय होतंय सायेबाला," ती म्हणाली, आणि हात पदराला पुसून वासरं सोडायला गेली.